बदकांचं गाळलेलं पाणी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, आईची शपथ. महाबळेश्वरच्या पठारावर त्या वर्षी पाण्यावर भाकरीएवढा जाड बर्फ धरला होता. बरं, भाकरीएवढा नसेल... पापडाएवढा. पण होता.

“बाबा, बदकं ओरडत का नाहीत?”

विचारणारा यज्ञेश्वर. वाईच्या पाठशाळेतला हुशार विद्यार्थी, आणि आपण हुशार आहोत हे कधीच न विसरणारा. अनुग्रह घ्यायला लतीफबाबा फकिराच्या झोपडीवर येऊन राहिलेला. बाबांनी त्याला सांगितलं होतं, “थंडीभर माझी बदकं सांभाळ. संक्रांतीला अनुग्रह देतो.”

संक्रांत उद्यावर आली होती. आणि नऊच्या नऊ बदकं परसात माना आखडून गप्प बसली होती.

एरवी काय कालवा असायचा! बाबा बादली घेऊन निघाले की डुलत डुलत सगळी वरात मागे. ते धुकं, तो चुलीचा धूर, तो गलका... अजून थंडी पडली की माझ्या कानात तेच वाजतं.

“पाणी देतोस ना?” बाबांनी विचारलं.

“दिवसातून चार वेळा. गाळून, कोमट करून.”

“कशात?”

“ताटलीत. दगडी डोणीत दिलं की मातीनं माखलेल्या चोची घालतात, बाबा. पाच मिनिटांत पाणी उष्टं, गढूळ. वर थंडीत भिजतात. ताटलीत चोचीचं टोक तेवढं बुडतं. पाणी संध्याकाळपर्यंत आरशासारखं!”

“वा, पंडित! बदकांची मुंजच लावलीस की.”

यज्ञेश्वर हसला नाही. त्यानं एक बदक उचलून पुढं धरलं. डोळ्यांवर खपली धरलेली, नाकपुड्या बुजलेल्या.

“हे मरेल का, बाबा? एवढं सोवळ्यानं केलं... काय चुकलं माझं?”

बाबा डोणीपाशी गेले. कोपरानं बर्फ फोडला, बदक त्याच्या हातातून घेतलं आणि पाण्यात सोडलं.

ते क्षणभर नुसतंच तरंगलं...

मग त्यानं अख्खं डोकं पाण्यात खुपसलं. वर काढलं. पुन्हा खुपसलं. नाकातून पाणी फुरफुरलं, पंख फडफडले, आणि यज्ञेश्वरचं धूतवस्त्र शेवाळानं माखलं. बाकीची आठ मागून धावत आली. डोणीत एकच दाटी झाली.

पहिलं बदक ओरडलं.

यज्ञेश्वर वाकून डोणीत बघत राहिला.

“पाणी घाण झालं, बाबा.”

“हो. त्याचे डोळे बघ.”

खपली धुऊन गेली होती. डोळे लुकलुकत होते.

“आणि उद्याचा माझा अनुग्रह?”

बाबांनी रिकामी बादली त्याच्या हातात दिली.

“उद्या कशाला? हा घे. भरून आण. हे पाणी आता बदलायला हवं.”

यातलं रचलेलं काय, तेही सांगून टाकतो. बाबा खरे, बदकं खरी. शिष्याचं नाव तेवढं मी रचलं. स्वतःचं घालायला अजून लाज वाटते.