आवडीची ओ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही कुणीतरी सांगितलेलीच होती. ऐकायची असेल तर नीट मांडी घालून बसा आणि मधे उठू नका, कारण ही अर्धी ऐकली तर नुसती भीतीच वाटते.

खाडीच्या काठावर खारदेवळी नावाचं गाव होतं. अजून आहे. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि खाडी आणि शेती यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध, एवढाच काय तो आधार. बांधाला एक उघाडी होती, म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला झडप उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला झडप पाडून खारं पाणी अडवायचं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे गवताची काडी उगवत नाही. म्हणून उघाडीला लागून, बांधावरच, दगडमातीचं एक घर होतं आणि त्यात गोमा राहायचा. एकटाच. झडप पाडणं, उघडणं आणि खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं चिखलाने बुजवणं हे त्याचं काम. त्याची धाकटी बहीण आवडी गावात राहायची. बांधाच्या बाजूने आलं की पहिलं घर तिचंच.

आता गावाची एक रीत ऐका. खाडीत गिऱ्हा राहतो असं म्हणतात. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, पण एकदाच. त्याला ओ दिली की माणूस चालत चालत चिखलात जातो आणि परत येत नाही. म्हणून खारदेवळीत पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. ‘पहिली हाक भुताची, दुसरी वाऱ्याची, तिसरी माणसाची,’ असं पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवायचे. दिवसाही हीच रीत. जावयाला जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेशिवाय तो हलत नसे आणि सासू बिचारी भाजी निवली म्हणून करवादत बसे. हसा, हसा. पुढे हसू यायचं नाही.

एका आषाढाच्या अवसेला, भर दुपारी, उधाणाची भरती आली. पाऊस कोसळत होता. गावातली माणसं दारं लोटून आत बसली होती. आवडी भाकरीचं पीठ मळत होती. तिची लेक चांगुणा सात वर्षांची, मुलगा नाग्या पाच वर्षांचा, दोघं चुलीशी बसलेली. तेवढ्यात बांधाकडून हाक आली.

“आवडेऽऽ!”

गोमाचाच आवाज. आवडी पिठाचे हात घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. दुसऱ्या हाकेची वाट बघू लागली. सगळा गाव आपापल्या उंबऱ्यात कान देऊन उभा होता, असं म्हणतात. दुसरी हाक आली नाही. आवडीच्या हातावरचं पीठ वाळून गेलं तरी आली नाही. मग ती आत आली आणि तिने दाराला कडी लावली.

पाणी ओसरल्यावर माणसं बांधावर गेली. बांध शाबूत होता. झडप पाडलेली होती. गोमाच्या घराची जमीन मात्र मधोमध खचली होती आणि त्यावर ओला चिखल होता. गोमा कुठेच नव्हता. गिऱ्ह्याने नेला, असं म्हणून माणसं मागे न बघता घरी आली.

त्यानंतर पावसाळ्यातल्या प्रत्येक अवसेला, भरती पुरी चढली की त्या रिकाम्या घरातून हाक यायला लागली. एकच हाक. एका परगावच्या गुराख्याने तिला ओ दिली, तर त्याची वाचा गेली ती गेलीच, असं म्हणतात. दुसऱ्या एकाने दारातून आत डोकावलं, तर भिंतीवर चिखलाने भरलेल्या बोटांचे ठसे होते आणि ते ओले होते. तो महिनाभर तापाने फणफणला. मग गावाने झडपेसाठी बांधाच्या दुसऱ्या टोकाला नवी उघाडी केली आणि त्या घराकडे जायचं सोडलं. चिखल लिंपायलाही कुणी जाईना. बांधाचा तेवढा तुकडा बारा वर्षं तसाच राहिला. खेकड्यांना मात्र भुताची भीती नसते.

बारा वर्षांत आवडी वाळून काडी झाली. नवरा गेला, तेव्हा रडली नाही. अवस जवळ आली की तिचं जेवण तुटायचं. “मला बोलावतोय तो,” एवढंच म्हणायची. त्या वर्षी ज्येष्ठाच्या अवसेला हाक आली आणि ती उठून सरळ बांधाकडे चालायला लागली. डोळे उघडे, पण बघत नव्हते. चांगुणा आणि नाग्या तिला धरून मागे ओढायला गेले, तर त्या हाडाच्या बाईने दोघांना फरफटत नेलं. हाक विरली तेव्हा ती खाडीपासून दहा पावलांवर होती.

त्या दिवशी दोघा भावंडांना कळून चुकलं की पुढच्या अवसेला आई जाणार.

“त्या घरात काय हाय ते बघायला पायजे,” चांगुणा म्हणाली.

नाग्या म्हणाला, “बाय, तिथे गेलेला मानूस परत येत नाय.”

“मग आये तर जानारच हाय. आपन आधी जाऊ. भूत असलं तर इचारू, काय पायजे तुला. मामाच हाय आपला, खानार थोडाच.”

बोलली खरी, पण रात्रभर तिचे दात वाजत होते.

आषाढाची अवस आली. दुपार व्हायच्या आधी त्यांनी आईला आत बसवलं, बाहेरून कडी घातली आणि कडीत लाकडाची खुंटी ठोकली.  तिने नुसतं दाराकडे तोंड केलं. मग दोघं पावसात बांधावरून निघाली. खाडीचं पाणी मातकट होऊन फुगत होतं. तिवरांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. पावसात सगळीकडे बेडूक ओरडत होते, आणि त्या घराच्या जवळ पोचल्यावर बेडकांचा आवाज एकदम बंद झाला.

दार ढकललं तर सहज उघडलं, जसं काही आतून कुणी कडी काढून ठेवली होती. आत अंधार आणि ओल्या मातीचा वास. कोपऱ्यात मामाचं फावडं उभं होतं. भिंतीवर बोटांचे ठसे होते. चांगुणाने हात लावला. ओलेच होते. मधे जमीन खचून कढईसारखी झाली होती आणि ती जागा, खोटं वाटेल, हळूहळू वरखाली होत होती. झोपलेल्या माणसाची छाती होते तशी.

नाग्याने गुडघे टेकून जमिनीला कान लावला.

“खाली पानी धावतंय.”

तेवढ्यात हाक आली. बाहेरून नाही, पायाखालून.

“आवडेऽऽ!”

 नाग्या उठून दाराकडे पळाला, चांगुणा भिंतीला चिकटली. कोंडलेली हवा पाण्याच्या रेट्याने बाहेर पडली की असा आवाज होतो, असं शिकलेली माणसं म्हणतात. होत असेल. पण हवेला आवडीचं नाव कुणी शिकवलं, ते कुणी सांगत नाही.

हाक संपली आणि जमीन धसली. खाडीकडच्या भिंतीखालून मनगटाएवढी धार आत आली, बघता बघता मांडीएवढी झाली. बांध आतून पोकळ झाला होता. घराखाली खांड पडत होती, म्हणजे बांध फुटत होता.

“पळ बाय!” नाग्या ओरडला.

चांगुणा पळाली नाही. “आयेला कोंडलीय आपन,” ती म्हणाली. “पानी पहिलं तिच्याच घरात शिरनार.”

नाग्या दारातून मागे फिरला. खुंटी त्याने स्वतः ठोकली होती. कितीही धावलं तरी पाणी त्यांच्या आधी पोचणार होतं. मग दोघांनी मिळून दाराची फळी उचकटली, त्या भोकावर दाबली आणि तिला पाठ लावून पाय रोवून उभी राहिली. धार थांबली, पण रेटा थांबेना. एकाने पाठ काढली असती तर फळी उडाली असती, म्हणून कुणाला गावाकडे धावताही येईना. फटींतून पाणी येत राहिलं, गुडघ्याला आलं, मग कमरेला. पायाखालचा चिखल दोघांना खाली ओढत होता. चांगुणाने छातीत होता नव्हता तेवढा दम गोळा करून हाक मारली.

“आयेऽऽ!”

दुसऱ्या हाकेला दमच उरला नाही. छातीवर असा रेटा असला की माणसाला एकच हाक मारता येते. चांगुणाला ते तिथे, त्या पाण्यात कळलं, आणि मामाने एकदाच का हाक मारली होती तेही कळलं. ती रडायला लागली.

गावाने हाक ऐकली. अवस, भर दुपार, भुताच्या घरातला आवाज आणि एकच हाक. चिमाजी नावाचा जुना माणूस ओटीवर होता, तो ओरडला, “आज दुसऱ्यांदा बोलावतंय! दारं लावा रे!” धडाधड दारं लागली. खारदेवळीत बारा वर्षांपूर्वी घडलं तेच पुन्हा घडत होतं, आणि घडवणारी माणसंही तीच होती.

पण कोंडलेल्या घरात आवडी उभी राहिली. तिने दुसऱ्या हाकेची वाट बघितली नाही. कुडाच्या भिंतीपलीकडून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा तिचा आवाज आला.

“ओऽऽ! आले गो! आले!”

दार उघडेना, तेव्हा तिने कूड दोन हातांनी फाडला असं म्हणतात. रक्ताळलेल्या हातांनी ती बाई बांधाकडे धावत सुटली आणि प्रत्येक पावलाला ओ देत गेली. दारामागे बसलेल्या माणसांना ते ऐकवेना. आधी एका घराची कडी निघाली, मग दुसऱ्याची. चिमाजी स्वतः फावडं घेऊन निघाला आणि बाकीच्यांना शिव्या घालायला लागला, जसं काही दारं लावा असं दुसराच कुणी म्हणाला होता.

आवडी सगळ्यांच्या आधी पोचली. पाणी पोरांच्या गळ्याला आलं होतं. ती मधे शिरली आणि तिने फळीला पाठ लावली. गाव येऊन चिखलाच्या ढेपा टाकेपर्यंत ती तिघं तशी उभी होती. नंतर चांगुणा आणि नाग्या, दोघंही मरेपर्यंत शपथेवर सांगत की तिथे चार पाठी होत्या. चौथी थंड होती, चिखलासारखी, आणि रेटा बहुतेक तिनेच धरला होता.

ओहोटी लागल्यावर गावाने ती पोकळी भरायला खणली. हातभर खाली गोमा सापडला. बसलेला. खाडीकडे पाठ, पाय गावाच्या बाजूला रोवलेले आणि अंगाभोवती घोंगडीच्या चिंध्या. खांडीत स्वतः बसून त्याने बांध धरला होता, आणि वरचा चिखल त्याच्या अंगावर खचला होता.  आवडीने त्याच्या कपाळावरची माती पुसली.

“दादा, ओ,” ती म्हणाली. “तवा नाय दिली रे. आता देतंय.”

गोमाला खाडीकाठी अग्नी दिला. त्या घरातून पुन्हा कधी हाक आली नाही. आवडी तिथेच राहायला गेली आणि पुढची तीस वर्षं तिने बांध सांभाळला. तिला कुणीही, कुठूनही एकदा हाक मारावी आणि ती ओ देत नाही असं झालं नाही, असं म्हणतात.

खारदेवळीत आजही आषाढाच्या अवसेला भरती चढली की कुणीतरी एक जण बांधावर जाऊन एकच हाक मारतो. कुणी मारायची ते आधी सांगत नाहीत. ती ऐकली की गावातलं प्रत्येक माणूस, म्हातारं असो, आजारी असो, तोंडात घास असो, जागच्या जागी ओ देतं. तिला ‘आवडीची ओ’ म्हणतात. एरवीही त्या गावात पहिली हाक रिकामी जात नाही. परगावाहून आलेल्या एका सुनेने एकदा भीत भीत विचारलं, “आणि खरंच भुताने मारली असली तर?” तिची सासू भाकरी थापत होती. ती म्हणाली, “असंल भुताची. त्याला पण कोनीतरी ओ दिली नसंल.” मग तिने हात धुतले, चिखलाची पाटी उचलली आणि सुनेला घेऊन ती बांधावर गेली.