राजेसाहेबांनी बांधलेलं चाक

कुरवगडच्या राजेसाहेबांनी स्वतःच्या हाताने सायकलचं चाक बांधलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला!

सायकल आजोबांची, विलायती. पुढच्या चाकाच्या रिमला गंज चढला, म्हणून राजेसाहेबांनी सगळे स्पोक काढून घासले आणि तीन दिवस दिवाणखान्यात मांडी ठोकून पुन्हा ओवले. कुणाला हात म्हणून लावू दिला नाही. चौथ्या दिवशी स्वारी सायकलवर बसली, तर चाक असं लचकत चाललं, की मिशीआड हसू लपवता लपवता पहारेकऱ्यांची पुरेवाट झाली.

लगेच समोरच्या दुकानातल्या दौलू मिस्त्रीला बोलावणं गेलं. माणूस कामाला वाघ, पण कुठे काय बोलावं याचा पोच नाही! चाक फिरवून तो म्हणाला, "सरकार, चार-दोन स्पोक ढिले राहिलेत. आवळले की झालं!"

"ढिले? आम्ही आवळलेले?" राजेसाहेब लालबुंद झाले. "ऐक! यातला एकही स्पोक आवळायचा नाही, बदलायचाही नाही. दिवस मावळायच्या आत चाक सरळ फिरलं पाहिजे. नाहीतर तुझं दुकान बंद. कायमचं!"

दौलू सायकल ढकलत घरी आला आणि ओसरीवर मटकन बसला. त्याची बायको हौसा अंगणात बाज विणत होती.

"अहो, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का झालंय?"

दौलूने सगळं सांगितलं. "न आवळता लचक कशी काढू? ब्रह्मदेव आला तरी जमायचं नाही! वीस वर्षांचं दुकान गेलं गं, हौसे!" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

"रडू नंतर. सायकल उलटी करा आधी! आता सांगा, बाज डावीकडे ओढली गेली, तर मी काय करते?"

"उजवीकडची दोरी ताणतेस."

"आणि तिकडे ताणायची सोय नसेल तर?"

दौलू ताडकन उठला. हौसाने रिमच्या डाव्या अंगाला खडू धरला, दौलूने चाक फिरवलं. जिथे रिम बाहेर आली होती, तिथेच खडू लागला. दौलूने तिथले डावीकडचे पाच स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल केले. रिम निमूट जागेवर आली!

दिवस मावळायच्या आत दोघं राजवाड्यात हजर. राजेसाहेबांनी चाक फिरवलं. जराही लचक नाही!

"आवळलेस ना, लबाडा?"

दौलू दोन पावलं मागे सरला. हौसाच पुढे झाली. "एकही नाही, सरकार! पाच सैल केले."

"सैल? म्हणजे आमचं चुकलं म्हणतेस?"

"चुकेल कसं, सरकार? आपल्या मनगटात जोर हत्तीचा! रिम पडली विलायतेतली, नाजूक. तिला कुठला झेपतोय कुरवगडचा हिसका? बिचारी घाबरून एका अंगाला सरकली!"

राजेसाहेब असे खो-खो हसले, की फेटा कानावर आला.

"बाई गं, शब्दांत पकडलंस आम्हाला!" म्हणत त्यांनी हातातलं कडं काढून हौसाला दिलं. दौलूच्या दुकानावर राजवाड्याच्या शिक्क्याची पाटी लावायचा हुकूम सोडला. आणि वाड्यातल्या दुसऱ्या एका सायकलचं चाकही त्यांनी सकाळीच खोलून ठेवलं होतं, ते गुपचूप दौलूच्या हवाली केलं.