बस्त्याव सुताराचं अकरा खणांचं घर

फार वर्षांपूर्वी, आंबोळे बंदरातल्या येशूच्या देवळावर अजून कौलं चढली नव्हती, नारळाच्या झापांचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी बंदरावर बस्त्याव नावाचा सुतार राहायचा. कोळ्यांच्या होड्या बांधायचा. असं म्हणतात की तो लाकडावर नुसतं बोट वाजवायचा आणि आत कीड आहे की नाही ते सांगायचा. त्याच्या हातची होडी पाण्यावर अशी हलकी बसायची की बगळेही फसून तिच्याशेजारी उतरायचे.

बस्त्यावचं घर अख्ख्या किनाऱ्यावर नावाजलेलं होतं. अकरा खणांचं, सगळं सागाचं. वीस वर्षं तो ते बांधत होता. एखाद्या वर्षी एक तुळई, एखाद्या वर्षी एक दार. त्याची बायको कात्रीन खांबांना खोबरेल लावून पुसायची, आणि कुठल्या तुळईला कुठे गाठ आहे ते तिला तोंडपाठ होतं. मूलबाळ नव्हतं. बायका म्हणायच्या, कात्रीनचं लेकरू म्हणजे तिचं घर. ती हसायची आणि नाही म्हणायची नाही.

एका वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती, मासेमारीचा हंगाम भरात होता. देवळाचा सण होता, म्हणून सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि सगळी माणसं मिस्साच्या प्रार्थनेला देवळात. भर दुपारी दर्या उठला. असं म्हणतात की पाणी देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढलं, तिथे थबकलं आणि मागे वळलं. माणूस एकही गेला नाही. पण पाणी उतरल्यावर लोक किनाऱ्यावर धावले, तर गावच्या अकरा होड्यांतली एकही उरली नव्हती. नुसता चुरा. सुकवलेली मासळी गेली, जाळी गेली.

जाळी विणता येतात. होडीला साग लागतो. साग यायचा डोंगरातून, तराफ्यावर, खाडीच्या वाटेने, आणि तराफे शिमग्यानंतरच सुटायचे. शिमगा चार महिने लांब होता.

कात्रीनने आपल्या कणगीतले तांदूळ वाटले. आठव्या दिवशी कणगीचा तळ दिसला. त्या दिवशी तिने पाहिलं, शेजारीण खेकड्यांची रिकामी कवचं उकळून तेच पाणी पोरांना पाजत होती. ती घरी आली, तर बस्त्याव ओट्यावर बसून वर आढ्याकडे बघत होता.

"कात्रीन," तो म्हणाला, "घर उतरवू या."

तिला वाटलं, वादळाने कौलं सरकली असतील. "किती कौलं बदलायची?"

"कौलं नाही. घर. ह्यात पाच-सहा होड्यांचं तरी लाकूड आहे. मी मोजलंय."

कात्रीनच्या हातातलं सूप खाली पडलं. "माझ्या बांगड्या द्या. भांडी द्या. बकऱ्या द्या," ती म्हणाली. "घर नको. वीस वर्षं झाली हो. आपण म्हातारपणी जायचं कुठे?"

बस्त्यावने ओट्यावर सरकून जागा केली. मग त्याने तिला जवळ बसवलं आणि इतकी वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"दुमिंगबाबांचा मुलगा फेल्सू बुडाला, एवढंच तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. दुमिंगबाबांना कात्रीन चांगली ओळखत होती. त्या म्हाताऱ्या कोळ्यानेच अनाथ बस्त्यावला मुलासारखं सांभाळलं होतं, दोघांचं लग्नही त्यानेच लावून दिलं होतं. "का बुडाला, ते ठाऊक नाही. ती होडी मी दुरुस्त केली होती. अठरा वर्षांचा होतो. तळाची फळी किडकी आहे हे मला कळलं होतं. बदलायला एक दिवस लागला असता आणि मला सणाला जायचं होतं. मी वरून डांबर फासलं."

कात्रीनने तोंडावर पदर धरला.

"मी त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता कोयता उचलतील. ते उठले. मग आत गेले, भात वाढला आणि मला फेल्सूच्या पाटावर बसवलं. म्हणाले, 'क्रुसावरून मलाही माफी मिळालीय, पोरा. मी ती माझ्यापाशीच दाबून कशी ठेवू? जेव.' तेव्हापासून मी त्या घरचा झालो."

कात्रीनने पदर सोडला. तिला त्याची कीव येत होती आणि संतापही येत होता. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही प्रायश्चित्त करताय. आता माझं घरही त्यात घालणार."

"नाही ग," बस्त्याव म्हणाला. "घर मोडून फेल्सू परत येतो का? प्रायश्चित्तच करत बसलो असतो तर मी त्याच वर्षी संपलो असतो. मला त्या पाटावर सगळं मिळालं. बाप मिळाला, हातात काम मिळालं, पुढे तू मिळालीस. ह्यातलं काहीच मी कमावलेलं नाही. म्हणून मूठ आवळून बसायला गेलो तरी मला बसवत नाही." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "पण घर तुझंही आहे. तू नाही म्हणालीस तर मी एक खुंटीसुद्धा काढणार नाही. आणि तुझ्यावर रागावणारही नाही."

कात्रीन उठून आत गेली. असं म्हणतात की ती प्रत्येक खांबापाशी थोडा थोडा वेळ उभी राहिली. मागच्या दारी शेजारणीचं धाकटं पोर रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. ऊन कलायच्या सुमाराला कात्रीन बाहेर आली, तेव्हा तिच्या खांद्यावर शिडी होती.

"माजघरापासून सुरू करा," ती म्हणाली. "तिथली तुळई सगळ्यात सरळ आहे."

मग अख्खं गाव कामाला लागलं. कुणी करवत धरली, कुणी खुंट्या तासल्या, बायकांनी फटींत भरायला कापूस वळला. एरवी एका तुळईच्या तीन फळ्या निघतात. असं म्हणतात की कात्रीनच्या घराच्या तुळया कापल्या, तेव्हा सहा सहा निघाल्या, आणि एकाही फळीला कीड नव्हती. ढिगाऱ्यावरून फळ्या उचलून द्यायचं काम कात्रीनकडे होतं. ती म्हणायची, मी सकाळपासून देतेय आणि ढीग आहे तेवढाच आहे.

दहा होड्या पाण्यात उतरल्या. राहिली पेद्रूची. ह्या पेद्रूने बस्त्यावच्या परसात आपलं कुंपण सरकवलं होतं, आणि बस्त्यावच्या होड्या गळतात असं तो बाजारभर सांगत फिरायचा. तो लांब माडाखाली उभा होता. बस्त्याव हाक मारायला गेला, तर तो मान खाली घालून म्हणाला, "माझी राहू दे, सुतारा. मी तुझ्याबद्दल काय काय बोललो ते तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," बस्त्याव म्हणाला. "होडीला सांगू नकोस म्हणजे झालं. चल, करवतीचं दुसरं टोक धर."

पेद्रू रडत रडत करवत ओढू लागला. त्या होडीला घराचं पुढचं दार लागलं, आणि नाताळच्या आदल्या दिवशी अकरावी होडी पाण्यात गेली. घराच्या जागी उरलं नुसतं दगडी जोतं.

त्या अकरा होड्यांबद्दल लोक अजून सांगतात. धुक्यात वाट चुकली की कोळी वल्हं सोडून द्यायचे, आणि होडी आपणहून वळून त्या रिकाम्या जोत्याकडे तोंड करायची. त्या होड्या होत्या तोवर आंबोळ्याचा एकही माणूस दर्याने नेला नाही, असं म्हणतात.

बस्त्याव आणि कात्रीन देवळामागे झापांच्या खोपीत राहू लागले. शिमग्यानंतर साग आला, तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी दोन खणांचं घर बांधलं. बस्त्याव संकोचला, पण कात्रीनने सरळ हो म्हटलं. "आपण दिलं तेव्हा ह्यांनी घेतलं ना?" ती म्हणाली. "मग आता आपण घेऊ." त्या दोन खणांत पुढे इतकी माणसं जेवून गेली की तेवढी अकरा खणांतही कधी जेवली नव्हती.

ते जोतं अजून आहे. आंबोळ्यात कुणीही नवं घर बांधायला काढलं की पहिली चांगली फळी त्या जोत्यावर नेऊन ठेवतो. फळीवर नाव घालायचं नाही. ज्याला गरज असेल त्याने उचलायची, आणि ती परत आणून ठेवायची नाही. होड्या आता फायबरच्या झाल्या, म्हणून फळ्या कुणाच्या दाराला लागतात, कुणाच्या खाटेला, शाळेतल्या बाकाला. परगावच्या माणसाला जोत्यावरची फळी दिसली तर तो विचारतो, ही कुणी ठेवली?

"बस्त्यावनं," पोरं सांगतात.

आणि जवळ एखादी बाई असली तर ती थांबून म्हणते, "आणि कात्रीनबायनं."