पेवातले बियाणे

फार फार पूर्वी, तुमच्या-आमच्या खापरपणज्यांचाही जन्म झाला नव्हता तेव्हा, काळ्या मातीच्या मुलखात ज्वारी पिकवणारे एक गाव होते. खळ्यावर रास पडली की तिचे वाटे होत. सांडलेले पाखरांना, किडके गुरांना. खायची ज्वारी पेवात जाई, म्हणजे जमिनीत खोल खणून तोंड लिंपलेल्या कोठारात. निवडक टपोरी कणसे मात्र बियाण्यासाठी घरोघर चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असत. धुराने ती काळी पडत, पण त्यांना कीड शिवत नसे.

पेवाचे सगळ्यांना भय वाटे. ते उघडले की आतून कोमट, आंबूस वाफ येई, माणसाच्या श्वासासारखी. आत सोडलेला दिवा वारा नसताना विझे. दिवा टिकू लागेपर्यंत कोणी खाली उतरत नसे.

गावाने एक नवा कोठारी नेमला. माणूस मेहनती, पण शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असे त्याला वाटे. आढ्यावरची निम्मी कणसे उंदीर खातात, मग बियाणेही पेवात का नको, असे त्याने पंचांना विचारले. पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकते हे पंचांना ठाऊक होते. त्यांनी माना डोलावल्या.

कोठाऱ्याची म्हातारी आई तेवढी आडवी आली.

"लेका, पेवात दाणा टिकतो, जगत नाही. खायाला मेलेला चालतो. पेरायला जिता लागतो."

कोठारी हसला आणि तिच्याच आढ्यावरची कणसे त्याने आधी उतरवली.

पेरणीच्या वेळी पेव उघडले, तर एक दाणाही किडलेला नव्हता. गावाने कोठाऱ्याला डोक्यावर घेतले. सगळे शिवार त्या ज्वारीने पेरून झाले.

एरवी पेरणीमागे पाखरांची झुंबड उडायची. यंदा थवे आले, वरच्या वर घिरट्या घालून निघून गेले. मुंग्याही फिरकल्या नाहीत. दिवस उलटले तरी एक कोंब वर आला नाही. शेताजवळून जाताना माणसे आपोआप हळू बोलू लागली.

भर दुपारी कोठारी एकटाच शेतात गेला आणि त्याने माती उकरली. दाणे पेरले तिथेच पडले होते, फुगलेले, मऊ. त्यांना पेवाचा आंबूस वास येत होता. त्याने जमिनीला कान लावला. आधी पेरणीच्या एका ओळीतून, मग साऱ्या शिवारातून, खाली कोणीतरी गाढ झोपेत सोडावा तसा लांब उसासा ऐकू आला. तो उठून पळत सुटला.

"आये," घरी येऊन तो एवढेच म्हणाला, "समदं शिवारच पेव झालं."

म्हातारीने त्याला बोल लावला नाही. दुसऱ्या गावांत बी मागून बघ, म्हणाली. तो दारोदार फिरला. खायला कोणीही ओंजळभर देत होते. बी मात्र ज्याचे त्याचे जमिनीत गेले होते आणि ओलही सरत आली होती. गावाने पेवातले होते ते खाल्ले, आणि मग एकेक घर कुलूप न लावताच निघून गेले.

कोठारी परमुलखात शेतमजूर म्हणून म्हातारा झाला. पेरताना प्रत्येक मूठ तो आधी कानाशी नेई आणि दाणे जिवंत आहेत का ते ऐकत बसे. लोक त्याला वेडा म्हणत. तो हसत नसे.

तात्पर्य : ज्याने आज पोट भरते, ते उद्या उगवेलच असे नाही, म्हणून उद्याचे बी निराळे आणि जिवंत राखावे.