सात पट्ट्यांखालची जखम

फार फार वर्षांपूर्वी, राजे होते आणि राजांना खरं सांगायला माणसं कचरत होती, तेव्हाची ही गोष्ट. आता राजे उरले नाहीत, तेवढाच काय तो फरक.

एका राजधानीच्या वेशीवर करड्या नावाचा कुत्रा राखणीला होता. एका धनगरणीने त्याला पिल्लापासून वाढवलं होतं. राजाने तो मागून घेतला. दर विजयोत्सवाला त्याच्या गळ्यात जरीचा नवा पट्टा शिवत. जुना काढायचा नाही, त्याच्यावरच नवा. पट्ट्यावर राजमुद्रा असे आणि राजमुद्रेला कातर लावणं हा गुन्हा होता. सात वर्षांत सात पट्टे झाले.

सातव्या वर्षी करड्याच्या मानेला खाज सुटली. तो मागच्या पायाने खाजवत राहिला. पट्ट्याखालची कातडी ओली झाली, मग चिघळली. घाण वास येऊ लागला, तेव्हा कारभाऱ्याने पट्ट्यावर अत्तर शिंपडायला लावलं. राजवैद्य रोज सकाळी यायचा, चार हात लांब उभा राहायचा आणि म्हणायचा, "उत्तम आहे."

भुंकलं की मान ठणके, म्हणून करड्याने भुंकणं सोडलं. कारभाऱ्याने दरबारात सांगितलं, "महाराज, राज्यात इतकी शांतता आहे की वेशीवरचा कुत्राही भुंकत नाही!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या.

त्याच सुमारास धनगरीण घोंगड्या विकायला आली. तिला पाहून करड्याने शेपटी हलवली, पण तो उठला नाही. तिने पट्ट्याखाली बोट घातलं. बोट पुवाने भरून निघालं. तिने मेंढ्या भादरायची कातर काढली.

"ए म्हातारे!" कारभारी ओरडला. "राजमुद्रा आहे ती! डोकं ठिकाणावर आहे का?"

"मुद्रा तुमची, मान त्याची. माझं डोकं ठिकाणावर आहे, तुमचं नाक कुठं गेलंय?"

तिने सातही पट्टे कापले. चिकटलेले केस भादरले. कडुनिंबाचा पाला उकळून, ते पाणी गार करून जखम धुतली आणि हलक्या हाताने टिपली. राजवैद्य जाड लेप घेऊन धावत आला.

"लांब ठेवा तो," ती म्हणाली. "आत पुन्हा कुजेल. वारा लागू दे."

करड्याने खाजवू नये म्हणून तिने त्याच्या मागच्या पंजांना मऊ फडकी बांधली.

राजा संतापून वेशीवर आला. "माफी माग."

"कशाची, महाराज? माफी मागायचीच तर तुम्ही या मुक्या जिवाची मागा."

राजा म्हणाला, "कुत्रा मेला, तर तू राज्याबाहेर."

"आणि जगला, तर कोण?"

राजा पाठ फिरवून वाड्यात गेला.

धनगरीण वेशीवरच राहिली. दिवसातून दोनदा जखम धुवायची, कोरडी करायची, माशा वारायची. आठव्या दिवशी खपली धरली. बाराव्या दिवशी विजयोत्सव होता. कारभारी आठवा पट्टा घेऊन आला, आधीच्या सगळ्यांहून रुंद.

करड्या उठला आणि भुंकला. असा भुंकला, की राजा वाड्यातून खाली आला.

धनगरणीने कापलेले पट्टे राजाच्या हातात ठेवले. बाहेरून जरी, आतून वाळलेला पू. राजाने नाक दाबलं आणि वैद्याला विचारलं, "तुम्ही रोज काय पाहत होता?"

"पट्टा, महाराज." वर्षभरात तो पहिल्यांदाच खरं बोलला.

वैद्याची वैद्यकी गेली. कारभारी अत्तराच्या कुपीसकट राज्याबाहेर गेला. राजा वाकला आणि त्याने करड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग तो धनगरणीला म्हणाला, "बाई, राखणीला राहू दे याला."

"राहील," ती म्हणाली. "पण उघड्या मानेने."

तात्पर्य: जखम झाकणारे ती बरी करत नाहीत, वाढवतात, म्हणून ती उघडी करणाऱ्याला कधीही गुन्हेगार ठरवू नका.