राजाच्या परसातला शेवटचा भोपळा

एका राज्यात हर्षकेतू नावाचा राजा होता. राज्यात सुबत्ता होती, पण राजाचा कुणावर विश्वास नव्हता. अन्नात विष असेल या धास्तीने त्याने आचारी काढले, राणी सुकेशिनीला दूरच्या महाली ठेवले, परसाला उंच भिंत घातली आणि आत आपणच भाजी पिकवून आपणच रांधू लागला.

आश्विन लागला. घेवड्याच्या शेंगा वाळल्या, सुरणाची पाने पिवळी पडली, मांडवावर भोपळे पिकले. राजाने भोपळा चिरला. आत राख. दुसरा चिरला, तिसरा चिरला, एक सोडून सारे चिरले; राखच. राणीचेच हे करणे, असे त्याने मनाशी धरले.

मांडवावरची साळुंकी म्हणाली, "राजा, हा शाप आहे. तुझ्या बापाने मांत्रिकाचे सोने लुटून हंड्यात भरून इथे पुरले. त्या हंड्यातूनच तुला संशय चढतो."

"तुला कुणी पाठवले?"

"कुणी नाही."

म्हणजे नक्कीच कुणीतरी, असे राजाला वाटले. तरी भुकेपोटी त्याने उपाय विचारला. साळुंकीने सूर्यास्ताआधी करायची तीन कामे सांगितली.

पहिले काम, घेवड्याचे उत्तम बियाणे भिंतीबाहेरच्या पहिल्या माणसाला नाव न विचारता द्यायचे. राजाने दाणे निवडले, दाराची फट उघडली. एक म्हातारी जात होती. ही हेर असेल, असे वाटून त्याचा हात मागे आला. मग त्याने डोळे मिटून ओंजळ रिती केली.

दुसरे काम, सुरणाखालचा हंडा न उघडता परसातल्या कुंडात लोटायचा. राजाने खणले. हंडा लागला आणि राजाच्याच आवाजात बोलला, "आतले सोने कुणी आधीच चोरले असेल. बघ तरी." राजाची बोटे झाकणावर गेली. मग खांदा लावून त्याने हंडा लोटला. पाणी मिटले.

तिसरे काम सर्वांत कठीण. ज्या माणसाची धास्ती सर्वांत अधिक, त्याने रांधलेला शेवटचा भोपळा त्याच्याच हातून खायचा.

राणीला बोलावणे गेले. ती आली, तिने भोपळा चिरला. आत पिवळाधमक गर होता. तिने फोडणी दिली, भाजी शिजवली, घास पुढे केला. ऊन भिंतीच्या माथ्याला टेकले होते.

"आधी तू खा," राजा म्हणाला.

"मी खाल्ले तर तुमची खात्री होईल, महाराज. विश्वास नाही."

राजाने तोंड उघडले. घास कडू लागला. थुंकावे की गिळावे? त्याने गिळला.

"कडू आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मेथीदाणे करपले. वर्षभर चुलीला हात लावू दिला नाहीत."

राजा हसला, मग रडला. मांडवावर नवे भोपळे धरले, भरून जड झाले आणि वेल खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी भिंत पाडली. राजा भोपळे वाटायला बसला. नगरातल्या बायका आल्या. त्यांनी भोपळे बोटांनी वाजवले, वास घेतला, राजाकडे तिरपे पाहिले. राजाने सुरी पुढे केली. एकीने भोपळा तिथेच चिरून पाहिला, मग सगळ्यांनी पदर पसरले.

राजाचा शाप जसा फिटला, तसा ऐकणाऱ्यांच्या मनातला किंतूही फिटो.