तळ्याच्या मातीचा निवाडा

पूर्वी एका तळ्याकाठच्या गावात एक वृद्ध शास्त्री पारावर बसून निवाडे करीत. शेजारी त्यांचा शिष्य बसे. तळ्याच्या बांधावर पूर्वजांनी दगडात नियम कोरला होता: 'इथली माती गावच्या कुंभारानेच न्यावी.'

एके वर्षी गावातल्या कुंभाराची विधवा माती न्यायला आली, तेव्हा लोकांनी तिला अडवले. कुंभार तर वारला, आता हिचा काय हक्क, असे त्यांचे म्हणणे. शास्त्री म्हणाले, "चाक फिरवतो तो कुंभार. ते आता ही फिरवते. माती हिची." गुरूच्या अभिमानाने शिष्याची छाती फुगली.

दोन वर्षांनी परगावची एक कुंभारीण दोन लेकरांना घेऊन पारापाशी आली. "शास्त्रीबाबा, आमचं गाव पुरात गेलं. चाक तेवढं वाचलंय. माती मिळाली तर पोरं जगतील."

शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, गावात आली म्हणजे गावचीच झाली की. एवढा अर्थ लावाच."

शास्त्रींनी नियमाचे शब्द पुन्हा एकदा मनाशी म्हटले. मग म्हणाले, "बाई, या नियमाने तुला माती मिळत नाही."

शिष्याला ते फार लागले. पण शास्त्रींनी पगडी उतरवून पारावर ठेवली, खाली येऊन जमलेल्या गावकऱ्यांत मांडी घातली आणि हात जोडले. "आता मी तुमच्यातलाच एक. नियमात भर घाला, एवढी विनंती आहे."

कुजबूज झाली. मातीला वाटेकरी कोणाला हवा असतो? शेवटी ती विधवाच उठली. "माझ्या वाट्यातलं द्या तिला." मग एकेक हात वर झाला.

घरी जाताना शिष्याने विचारले, "पारावरूनच एका शब्दात झालं असतं की, गुरुजी?"

"झालं असतं. पण अर्थ लावायचा तो नियमात असलेला. नसलेला आज मी दयेपोटी घातला, तर उद्या माझ्या जागी बसणारा लोभापोटी घालील, आणि दगड तसाच दिसत राहील. अर्थ लावणं माझं काम, नियम बदलणं गावाचं. आणि आज गाव माझ्याहून मोठं निघालं, बाळ."

दगडावरची जुनी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली नवी कोरली गेली: 'घर गमावून आलेल्या कुंभारानेही न्यावी.' गावकरी आजही पाहुण्यांना तो दगड दाखवतात. वरची ओळ पूर्वजांची, खालची आमची, असे सांगताना त्यांची मान ताठ होते.